फायलीचा प्रकार आणि प्रोग्रॅमची निवड : एका अधिकाराचा इतिहास

संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या एखाद्या फायलीच्या चिन्हावर माउसची कळ दोनदा दाबली की ती फाइल उघडते. ही क्रिया आज इतकी अंगवळणी पडली आहे की तीत एक निर्णय अंतर्भूत आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. फाइल आपण होऊन उघडत नसते. तिला उघडणारा एखादा प्रोग्रॅम असतो. आणि तसे काम करू शकणारे अनेक प्रोग्रॅम संगणकावर असताना त्यांतील एकालाच पाचारण व्हावे, असे कोणी तरी अगोदर ठरवून ठेवलेले असते. हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? ज्याने फाइल लिहिली त्याचा, जो ती वाचणार आहे त्याचा, प्रोग्रॅम तयार करणाऱ्याचा, की ज्या कंपनीने संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कार्यकारी प्रणाली, पुरविली तिचा? गेल्या साठ वर्षांत या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे दिली गेली. त्यांतील काही उत्तरे यंत्राच्या मर्यादेतून निघाली, काही विचारपूर्वक केलेल्या रचनेतून निघाली, आणि काही न्यायालयांत व आयोगांपुढे चाललेल्या वादांतून निघाली. प्रस्तुत निबंधात या उत्तरांचा क्रमाने परामर्श घ्यावयाचा आहे.

१. अध्याहृत क्रियापद

आरंभीच्या संगणकांवर हा प्रश्नच उद्भवत नव्हता. आज्ञा टंकित करून काम घेण्याच्या पद्धतीत वापरणारा मनुष्य प्रथम प्रोग्रॅमचे नाव लिहीत असे आणि त्यापुढे फायलीचे. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर क्रियापद आधी उच्चारले जाई व कर्म मागाहून येई. कोणत्या फायलीवर कोणती क्रिया करावयाची, हे बोलणाराच सांगत असल्यामुळे संगणकाला तर्क करण्याचे कारण पडत नसे.

चित्रमय पडद्याने हा क्रम उलटा केला. झेरॉक्स कंपनीने एप्रिल १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या 'स्टार' या संगणकाच्या रचनेत वापरणाऱ्याने प्रोग्रॅम सुरू करावा अशी अपेक्षाच नव्हती. त्याच्यासमोर कागदपत्रे असत. त्यांतील हवे ते निवडून 'उघड' म्हणावयाचे, म्हणजे योग्य तो प्रोग्रॅम आपोआप पुढे येई. येथे कर्म तेवढे उच्चारले गेले व क्रियापद अध्याहृत राहिले. अध्याहृत पद कोणी तरी पुरवावे लागते. ते कोणी व कशाच्या आधारे पुरवावयाचे, यातूनच या निबंधाचा विषय निर्माण झाला.

मात्र ते पुरविण्याची साधने स्टारच्या आधीच सिद्ध झालेली होती. ती अगदी निराळ्या कारणासाठी सिद्ध झाली होती, ही या इतिहासातील लक्षणीय गोष्ट होय.

२. तीन अक्षरांचा उगम

फायलीच्या नावाच्या शेवटी बिंदू देऊन जी दोनतीन अक्षरे लिहिली जातात, त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात. नामाला लागणाऱ्या प्रत्ययाप्रमाणे ती त्या नावाचा इतरांशी असलेला संबंध दाखवितात. म्हणून येथे त्यांना 'नामप्रत्यय' म्हटले आहे.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नांदो कॉर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या आणि १९६१ मध्ये प्रथम दाखविल्या गेलेल्या 'सीटीएसएस' या कालविभाजन प्रणालीत प्रत्येक फायलीला दोन नावे असत. प्रत्येक नाव सहा अक्षरांचे. पहिले नाव फायलीचे स्वतःचे व दुसरे तिचा वर्ग सांगणारे, असा प्रघात पडला. 'मॅड' भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या फायलीचे दुसरे नाव 'मॅड' असे. सहा हा आकडा आला कोठून? त्या यंत्राचा एक शब्द ३६ बिटांचा होता आणि एका अक्षराला ६ बिट लागत. एका शब्दात सहा अक्षरे मावत, म्हणून नाव सहा अक्षरांचे.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पीडीपी-१० या यंत्राचा शब्दही ३६ बिटांचाच होता. त्यावरील 'टॉप्स-१०' प्रणालीत नावासाठी एक संपूर्ण शब्द राखला गेला व नामप्रत्ययासाठी अर्धा. अर्ध्या शब्दात, म्हणजे १८ बिटांत, तीनच अक्षरे बसतात. जगभर रूढ झालेला तीन अक्षरांचा नामप्रत्यय अशा रीतीने यंत्राच्या शब्दलांबीचे अपत्य होय. याच प्रणालीत आजच्या व्यवस्थेचे बीजही आढळते. फाइल कार्यान्वित करण्याची आज्ञा दिली असता प्रणाली तिचा नामप्रत्यय पाही आणि त्यावरून फोर्ट्रान, कोबोल किंवा असेंब्ली यांपैकी कोणत्या भाषेचा अनुवादक बोलवावा हे ठरवी. नामप्रत्ययावरून प्रोग्रॅमची निवड करण्याचे तत्त्व येथे स्पष्टपणे दिसते.

१९७४ मध्ये गॅरी किल्डॉल यांनी लहान संगणकांसाठी 'सीपी/एम' ही प्रणाली रचली, तेव्हा डिजिटल कंपनीच्या यंत्रांवरील रिवाज त्यांच्या परिचयाचे होते. नव्या यंत्रांत अक्षराला आठ बिटांचा एक बाइट मिळे. त्यामुळे शब्दलांबीचे बंधन उरले नव्हते. नावाची लांबी सहावरून आठ अक्षरांपर्यंत वाढली. नामप्रत्यय मात्र तीन अक्षरांचाच राहिला. कारण संपले तरी रूढी राहिली. सीपी/एमच्या पुस्तकांत या तीन अक्षरांना 'फाइलचा प्रकार' असेच नाव होते. दोहोंमधील बिंदू तबकडीवर नोंदलाही जात नसे. वाचणाऱ्याच्या सोयीसाठी तो लिहिताना घालावयाचा, इतकेच. १९८१ मध्ये आलेल्या एमएस-डॉसने ही रचना जशीच्या तशी उचलली. त्या प्रणालीत कॉम, ईएक्सई व बॅट या तीन नामप्रत्ययांना अधिकृत अर्थ होता: त्या फायली चालवावयाच्या होत्या. बाकीच्या नामप्रत्ययांचे अर्थ प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी आपापसांत ठरवावयाचे होते.

नामप्रत्ययाचा गुण असा की तो डोळ्यांना दिसतो, नावाबरोबर प्रवास करतो आणि त्याला वेगळ्या यंत्रणेची गरज लागत नाही. त्याचा दोषही यातच आहे. नाव बदलणाऱ्याला प्रकारही बदलता येतो. शिवाय तीन अक्षरांचे वाटप करणारी कोणतीच संस्था नसल्यामुळे एकच नामप्रत्यय दोन निरनिराळ्या प्रोग्रॅमांनी उचलावा, असे वारंवार घडले.

३. युनिक्सचा नकार

बेल लॅबोरेटरीजमध्ये केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून घडविलेल्या युनिक्स प्रणालीने या बाबतीत निराळी भूमिका घेतली. युनिक्सच्या दृष्टीने फाइल म्हणजे बाइटांची एक रांग. तिला प्रकार नाही. नावातील बिंदू हे इतर अक्षरांसारखेच एक अक्षर. सी भाषेच्या फायलीचे नाव 'बिंदू-सी' ने संपावे ही त्या अनुवादकाची अपेक्षा होती. तो प्रणालीचा नियम नव्हता.

तथापि प्रकार नाकारला तरी प्रकार ओळखण्याची गरज टळत नाही. निदान एखादी फाइल चालविण्याजोगी आहे की नाही, हे प्रणालीला कळावेच लागते. यासाठी युनिक्सने फायलीच्या अंतरंगाकडे पाहिले. चालविण्याजोग्या फायलीच्या आरंभी अष्टमान पद्धतीत ०४०७ हा अंक असे. हा अंक स्वैर निवडलेला नव्हता. पीडीपी-११ या यंत्राच्या भाषेत तो उडी मारण्याची आज्ञा होता. फायलीच्या आरंभीचा माहितीचा भाग ओलांडून थेट प्रोग्रॅमवर जाण्याचे काम ती आज्ञा करी. पुढे त्या अंकाकडे केवळ खूण म्हणून पाहिले जाऊ लागले आणि अशा सर्व खुणांना 'मॅजिक नंबर' हे नाव पडले. यंत्राच्या सोयीची गोष्ट ओळखीची खूण बनावी, हा तीन अक्षरांच्या बाबतीत घडलेलाच प्रकार येथे पुन्हा घडला.

नोव्हेंबर १९७३ मधील युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीच्या मार्गदर्शिकेत 'फाइल' नावाची आज्ञा आढळते. दिलेल्या फायलीचे आतले बाइट वाचून ती कोणत्या प्रकारची असावी याचा अंदाज सांगणे, हे तिचे काम. जानेवारी १९८० मध्ये रिची यांनी आणखी एक सोय केली. मजकुराच्या फायलीच्या पहिल्या ओळीच्या आरंभी दोन ठरावीक चिन्हे देऊन त्यापुढे ज्या प्रोग्रॅमने ती चालवावयाची त्याचे नाव लिहिले की प्रणाली तोच प्रोग्रॅम बोलावू लागली. येथे फाइल आपला वाचक आपणच नेमते. अधिकार फायलीच्या लेखकाकडे आहे आणि तो उघडपणे, कोणालाही वाचता येईल अशा अक्षरांत नोंदलेला आहे.

अंतरंगातील खुणेची ही पद्धत पुढे पुष्कळ स्वरूपांनी स्वीकारली. डॉसच्या चालविण्याजोग्या फायलींच्या आरंभी मार्क झ्बिकोव्स्की या अभियंत्याच्या नावाची आद्याक्षरे 'एम' व 'झेड' आढळतात. पीडीएफ फायलीच्या आरंभी तिचे नावच लिहिलेले असते. पीएनजी चित्राच्या आरंभीचे आठ बाइट तर वाटेत फाइल बिघडली असल्यास ते लगेच कळावे अशा बेताने योजलेले आहेत. नावाच्या तुलनेने ही खूण अधिक विश्वसनीय होय. परंतु ती वाचण्यासाठी फाइल उघडावी लागते, आणि साध्या मजकुराला अशी कोणतीच खूण नसते. या दुसऱ्या उणिवेचा विचार पुढे करावयाचा आहे.

४. मॅकिंटॉशची दुहेरी नोंद

जानेवारी १९८४ मध्ये ॲपल कंपनीने मॅकिंटॉश आणला. त्याच्या रचनाकारांनी नामप्रत्ययही स्वीकारला नाही आणि अंतरंगातील खुणेवरही भिस्त ठेवली नाही. प्रत्येक फायलीबरोबर तिच्या मजकुराबाहेर, तबकडीच्या नोंदीत, चार-चार अक्षरांचे दोन संकेत ठेवण्यात आले. एक फायलीचा प्रकार सांगणारा, दुसरा तिच्या निर्मात्या प्रोग्रॅमचा. साध्या मजकुराचा प्रकार 'टेक्स्ट'. परंतु असा मजकूर दोन निरनिराळ्या प्रोग्रॅमांत लिहिला असेल तर निर्माता-संकेत निराळा असे आणि दोन्ही फायली आपापल्या निर्मात्यातच उघडत.

या रचनेतील भेद सूक्ष्म व महत्त्वाचा आहे. फाइल काय आहे आणि ती कोणी उघडावी, हे दोन प्रश्न आहेत. नामप्रत्ययाच्या पद्धतीत पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचे गृहीत धरले जाते. मॅकिंटॉशने ते वेगळे केले. शिवाय नाव पूर्णपणे मनुष्याच्या स्वाधीन राहिले. पत्राला कोणत्याही प्रत्ययाशिवाय नुसते 'पत्र' म्हणता येऊ लागले. निर्माता-संकेतांची नोंदणी ॲपलकडे होत असल्यामुळे दोन प्रोग्रॅमांचे संकेत एकच असण्याचा संभवही कमी झाला.

पण ही नोंद फायलीच्या मजकुरात नसून बाहेर होती. ती सांभाळण्याचे ज्ञान फक्त मॅकिंटॉशला होते. फाइल दुसऱ्या कंपनीच्या संगणकावरून फिरून आली की संकेत गळून पडत व परत आलेली फाइल ओळख हरवलेल्या माणसासारखी होई. हे टाळण्यासाठी मॅकबायनरी, बिनहेक्स अशी वेष्टने तयार करावी लागली. यंत्रे एकमेकांशी जोडली जाऊ लागली तसतशी ही अडचण वाढत गेली. मार्च २००१ मध्ये आलेल्या मॅक ओएस टेन या प्रणालीचा पाया नेक्स्ट कंपनीच्या, पर्यायाने युनिक्सच्या, परंपरेतील होता. तिने नामप्रत्ययाला पुन्हा मान्यता दिली. २००५ मध्ये ॲपलने प्रकारांची नवी, कुलवृक्षासारखी नामावली प्रचारात आणली. तीत जेपीइजी चित्र हे 'चित्र' या व्यापक वर्गाचे अपत्य मानले जाते. म्हणून कोणतेही चित्र उघडू शकणारा प्रोग्रॅम ते उघडू शकतो, असा निष्कर्ष प्रणालीला काढता येतो. २००९ च्या आवृत्तीपासून फाइल उघडताना निर्माता-संकेताकडे पाहणे बंद झाले. विचाराने अधिक परिपक्व अशी एक रचना, शेजाऱ्यांना ती समजत नसल्यामुळे, मागे पडली.

या दोन्ही मार्गांचा समन्वय करण्याचा प्रयत्न ॲपलमधून बाहेर पडलेल्या ज्याँ-लुई गासे यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या 'बी' कंपनीच्या प्रणालीत दिसतो. तीत प्रकार व पसंतीचा प्रोग्रॅम हे फायलीचे गुणधर्म म्हणून नोंदले जात, आणि नोंद नसल्यास अंतरंगातील खूण व नामप्रत्यय यांचा आधार घेतला जाई. ही प्रणाली बाजारात टिकली नाही.

५. विंडोजची नोंदवही

मायक्रोसॉफ्ट विंडोजने डॉसचा वारसा स्वीकारला व त्याबरोबर तीन अक्षरांचा नामप्रत्ययही. आरंभीच्या आवृत्त्यांत 'विन' नावाच्या एका साध्या मजकूर-फायलीत 'एक्स्टेन्शन्स' असा विभाग असे. त्यातील प्रत्येक ओळ एक नामप्रत्यय व एक प्रोग्रॅम यांची जोडी सांगे. ही यादी कोणालाही उघडून वाचता येत असे व हाताने दुरुस्त करता येत असे.

ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ ने या यादीची जागा 'रजिस्ट्री' या विस्तृत नोंदवहीला दिली. नामप्रत्ययावरून एका वर्गाचे नाव काढावयाचे आणि त्या वर्गाखाली कोणत्या क्रियेसाठी कोणती आज्ञा द्यावयाची ते पाहावयाचे, अशी दोन पायऱ्यांची व्यवस्था तीत होती. उघडणे, छापणे, संपादणे या क्रियांना मायक्रोसॉफ्टच्या परिभाषेत 'व्हर्ब', म्हणजे क्रियापदेच, म्हटले जाते. अध्याहृत क्रियापदांचा कोश या स्वरूपात सिद्ध झाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

या व्यवस्थेत एक गोष्ट सांगितलेली नव्हती. नोंद कोणी बदलावी? संगणकावर नव्याने बसविलेला कोणताही प्रोग्रॅम ती बदलू शकत असे. जो शेवटी आला त्याचे चालावे, हा अलिखित नियम झाला. गाणी व चित्रफिती वाजविणारे प्रोग्रॅम एकमेकांचे नामप्रत्यय हिरावून घेऊ लागले, आणि वापरणाऱ्याची निवड त्याला न विचारता फिरू लागली.

दुसरा दोष अधिक घातक ठरला. विंडोज ९५ ने ओळखीचे नामप्रत्यय पडद्यावर न दाखविण्याचा पायंडा पाडला. मॅकिंटॉशवरील नावांप्रमाणे नावे स्वच्छ दिसावीत हा हेतू त्यामागे असावा. परंतु मॅकिंटॉशमध्ये प्रकार नावाबाहेर होता, येथे तो नावातच राहून झाकला गेला. निर्णय ज्या आधारावर व्हावयाचा तो आधारच दिसेनासा झाला. ४ मे २००० रोजी 'आय लव्ह यू' या शीर्षकाच्या टपालाबरोबर एक फाइल जगभर पसरली. तिच्या नावाच्या शेवटी दोन नामप्रत्यय होते: आधी मजकुराचा टीएक्सटी व नंतर व्हीबीएस, म्हणजे चालविण्याजोग्या लिपीचा. दुसरा नामप्रत्यय झाकला गेला की वाचणाऱ्याला ते साधे प्रेमपत्र वाटे. त्याने ते वाचण्यासाठी उघडले; प्रणालीने ते चालविण्यासाठी उघडले. त्या लिपीने संगणकावरील फायली नष्ट केल्या व पत्त्यांच्या वहीतील प्रत्येकाला आपली प्रत पाठविली. 'उघडणे' या एकाच क्रियापदात वाचणे व चालविणे असे दोन अर्थ सामावले जाणे किती धोक्याचे आहे, हे या घटनेने दाखवून दिले.

६. टपालावरील लेबल

नाव, अंतरंग व बाहेरची नोंद या तीन मार्गांपेक्षा वेगळा असा चौथा मार्ग इलेक्ट्रॉनिक टपालाच्या गरजेतून निघाला. टपाल निरनिराळ्या प्रणालींतून प्रवास करते. त्यामुळे एका प्रणालीची पद्धत दुसरीवर लादणे शक्य नव्हते. नेथॅनियल बोरेनस्टीन व नेड फ्रीड यांनी जून १९९२ मध्ये 'माइम' हे प्रमाणक मांडले. पाठविणाऱ्याने प्रत्येक भागाबरोबर त्याचा प्रकार शब्दांत जाहीर करावा, असे त्याचे तत्त्व. प्रकाराचे नाव दोन पदांचे: आधी व्यापक वर्ग, मग विशिष्ट स्वरूप, जसे 'टेक्स्ट/प्लेन' किंवा 'इमेज/जेपीइजी'. आरंभी असे सात व्यापक वर्ग होते. सप्टेंबर १९९३ मध्ये बोरेनस्टीन यांनी 'मेलकॅप' नावाच्या यादीचे स्वरूपही प्रसिद्ध केले. तीत प्रकार व तो दाखविणारा प्रोग्रॅम यांच्या जोड्या असत, आणि वापरणाऱ्याला स्वतःची यादी ठेवता येई. पाठविणाऱ्याने प्रकार सांगावा, घेणाऱ्याने प्रोग्रॅम ठरवावा, असे हे अधिकारांचे विभाजन होते. मॅकिंटॉशने वेगळे केलेले दोन प्रश्न येथे दोन वेगळ्या व्यक्तींकडे सोपविले गेले.

१९९२ च्या त्या दस्तऐवजात पोस्टस्क्रिप्ट फायलींविषयी एक सविस्तर इशारा आहे. पोस्टस्क्रिप्ट ही दिसावयास कागदपत्रे असली तरी तो वस्तुतः प्रोग्रॅम असतो. तो फायली पुसूही शकतो. यास्तव आलेले पोस्टस्क्रिप्ट विचार न करता उघडणाऱ्या यंत्रणांनी सावध राहावे, असा त्याचा आशय. आठ वर्षांनी घडावयाच्या आपत्तीचे निदान त्यात आधीच झालेले होते.

वर्ल्ड वाइड वेबनेही माइमची लेबले स्वीकारली. पण पाठविणारी यंत्रे पुष्कळदा चुकीचे लेबल लावीत. तेव्हा इंटरनेट एक्सप्लोररसारखे ब्राउझर लेबलावर विसंबून न राहता आतले बाइट हुंगून पाहू लागले. मजकूर म्हणून पाठविलेली वस्तू वेबपृष्ठ समजून चालविली जाण्याचा धोका त्यातून उत्पन्न झाला. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'हुंगू नये' असे सांगणारे दुसरे लेबल काढले. पहिल्या लेबलावर विश्वास ठेवा असे सांगण्यासाठी दुसरे लेबल लावण्याची वेळ आली.

लिनक्सवरील निरनिराळ्या पडदा-व्यवस्थांत एकवाक्यता यावी म्हणून २००० मध्ये सुरू झालेल्या 'फ्रीडेस्कटॉप' या प्रकल्पाने माइमचीच नावे घेतली. तेथे नामप्रत्यय व अंतरंगातील खूण या दोन्हींवरून प्रकार ठरतो, आणि वापरणाऱ्याची पसंती एका साध्या मजकूर-फायलीत राहते. प्रणालीच्या यादीपेक्षा वापरणाऱ्याच्या यादीला प्राधान्य असते.

७. न्यायालयाच्या दारी

ज्या नोंदीवर प्रोग्रॅमचा वापर अवलंबून असतो, तिला बाजारात मूल्य येणे अपरिहार्य होते. अमेरिकेच्या न्यायखात्याने व अनेक राज्यांनी १८ मे १९९८ रोजी मायक्रोसॉफ्टविरुद्ध दावा लावला. त्यातील एक आरोप असा होता की वापरणाऱ्याने दुसरा ब्राउझर नियत केला असला तरी विंडोज ९८ काही प्रसंगी ती निवड डावलून इंटरनेट एक्सप्लोरर उघडते. २८ जून २००१ च्या निकालात अपील न्यायालयाने या वर्तनाचा स्पर्धेवर विपरीत परिणाम होतो, असे मान्य केले. तथापि विंडोजची साहाय्य-पृष्ठे व अद्ययावत करण्याची सोय यांना लागणाऱ्या काही गोष्टी दुसऱ्या ब्राउझरात नाहीत, हे कंपनीचे तांत्रिक कारण वादींनी खोडून काढले नाही, म्हणून या मुद्द्यापुरती कंपनी दोषी ठरली नाही. नोव्हेंबर २००२ च्या अंतिम हुकूमनाम्याने मात्र संगणक उत्पादकांना व वापरणाऱ्यांना दुसरे प्रोग्रॅम नियत करता यावेत, असे बंधन घातले. त्याच सुमारास विंडोज एक्सपीमध्ये त्यासाठी एक स्वतंत्र सोय देण्यात आली.

युरोपीय आयोगाने निवडीचा प्रश्न थेट वापरणाऱ्यापुढे मांडण्याचा मार्ग पत्करला. डिसेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने दिलेल्या वचनानुसार मार्च २०१० पासून युरोपातील विंडोजच्या ग्राहकांपुढे अनेक ब्राउझरांची यादी ठेवण्यात येऊ लागली. मे २०११ ते जुलै २०१२ या काळात विंडोज ७ च्या एका आवृत्तीत ही यादी दिसलीच नाही. त्याबद्दल ६ मार्च २०१३ रोजी कंपनीला ५६ कोटी १० लाख युरोंचा दंड झाला.

दरम्यान विंडोजच्या अंतर्गत रचनेतही बदल झाला. २०१२ च्या विंडोज ८ पासून वापरणाऱ्याच्या निवडीबरोबर एक गणिती ठसा नोंदला जाऊ लागला. ठसा जुळला नाही तर नोंद अग्राह्य. शेवटी येणाऱ्याचे चालावे हा जुना अलिखित नियम अशा रीतीने संपला. प्रोग्रॅमांना आता वापरणाऱ्याच्या निवडीवर परस्पर हात टाकता येईना. हे संरक्षण वापरणाऱ्याच्या हिताचे होते, यात शंका नाही. पण कुलूप लावणाराच त्या बाजारातील एक विक्रेता होता. २०१५ मध्ये विंडोज १० आले, तेव्हा मोझिलाचे प्रमुख ख्रिस बिअर्ड यांनी सत्या नाडेला यांना जाहीर पत्र लिहून, नव्या आवृत्तीत वापरणाऱ्यांच्या पूर्वीच्या निवडी डावलल्या जातात व त्या परत मिळविणे अवघड झाले आहे, अशी तक्रार केली. ऑक्टोबर २०२१ च्या विंडोज ११ मध्ये ब्राउझर बदलण्यासाठी प्रत्येक नामप्रत्यय स्वतंत्रपणे बदलावा लागे. मार्च २०२२ मध्ये एकाच कळीने ते काम करण्याची सोय पुन्हा मिळाली. युरोपीय संघाच्या डिजिटल बाजार कायद्याची बंधने नामनिर्देशित कंपन्यांना ७ मार्च २०२४ पासून लागू झाली. डीफॉल्ट निवडी सहज बदलता आल्या पाहिजेत, हे त्यांतील एक.

भारतात हा प्रश्न मोबाइलच्या निमित्ताने पुढे आला. २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि फोन प्रथम सुरू करताना शोधयंत्र निवडण्याची मुभा ग्राहकाला असावी, असा निर्देश दिला. २९ मार्च २०२३ रोजी अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला व काही निर्देश रद्द केले. हा वाद फायलीच्या प्रकाराचा नसला तरी त्यातील तत्त्व तेच होते. अध्याहृत शब्द पुरविण्याचा अधिकार कोणाचा, हेच तेथेही ठरावयाचे होते.

८. मराठी मजकुराचा धडा

आतापर्यंतच्या विवेचनात एक गृहीत आहे. प्रकार बरोबर ओळखला व योग्य प्रोग्रॅम मिळाला की फाइल वाचता येते, हे ते गृहीत. मराठी मजकुराचा इतिहास त्यास छेद देतो. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' हे अक्षरसंकेतांचे प्रमाणक प्रसिद्ध केले. त्यात बाइटाच्या वरच्या अर्ध्या भागातील संकेत भारतीय लिप्यांना दिले होते. निरनिराळ्या लिप्यांतील समान अक्षराला संकेतही समान. इस्कीत लिहिलेली साधी मजकूर-फाइल त्याची जाण नसलेल्या प्रोग्रॅममध्ये उघडली तर मराठीऐवजी स्वराघातयुक्त युरोपीय अक्षरांची रांग दिसते. पुढे छपाईच्या कामात फॉन्टनिष्ठ संकेत रूढ झाले. त्यांत अक्षरांच्या अवयवांना रोमन अक्षरांचे संकेत दिलेले असत आणि प्रत्येक निर्मात्याची मांडणी निराळी असे. ज्या फॉन्टात मजकूर बसविला तो फॉन्ट नसेल, तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे उमटत.

अशा फायलीचा नामप्रत्यय खरा असतो, तिच्यावरील 'टेक्स्ट' हे लेबलही खरे असते, आणि उघडणारा प्रोग्रॅमही योग्यच असतो. तरीही मराठी वाचता येत नाही. साध्या मजकुराला अंतरंगात खूण नसते, ही मागे सांगितलेली उणीव येथे पूर्णपणे प्रत्ययास येते. युनिकोडचा प्रसार झाल्यावर नव्या मजकुरापुरता हा प्रश्न सुटला. देवनागरीचा युनिकोडमधील विभाग इस्कीच्याच १९८८ च्या मांडणीवर आधारलेला आहे. पण मधल्या काळात जुन्या संकेतांत जे लिहिले व छापले गेले, त्याच्या मूळ फायली वाचावयाच्या तर कोणता संकेत, कोणता फॉन्ट व कोणता प्रोग्रॅम, याची नोंद बाहेरून जतन केलेली असली पाहिजे. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २००२ मध्ये 'प्रोनॉम' ही फाइल-स्वरूपांची सूची तयार केली, ती याच जातीच्या गरजेतून. भावी संशोधकाच्या दृष्टीने फाइल टिकणे आणि मजकूर टिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

उपसंहार

फायलीला तिचा वाचक मिळवून देण्याचे चार मार्ग इतिहासात दिसतात: नावातील प्रत्यय, अंतरंगातील खूण, बाहेरची नोंद आणि पाठविणाऱ्याचे लेबल. यांपैकी सर्वांत दुर्बळ असा नामप्रत्ययच सर्वांत अधिक टिकला, याचे कारण त्याला कोणाच्याही सहकार्याची गरज नव्हती. मॅकिंटॉशची नोंद अधिक शहाणपणाची होती. तिला सर्वांचे सहकार्य हवे होते व ते मिळाले नाही. तंत्राच्या इतिहासात गुणवत्तेपेक्षा सुवाह्यता निर्णायक ठरते, याचे हे चांगले उदाहरण होय.

अधिकाराच्या प्रश्नाचे उत्तर मात्र यांपैकी कोणताही मार्ग एकट्याने देत नाही. ते उत्तर निवडीची नोंद कोठे राहते आणि ती कोणाला वाचता व बदलता येते, यावर अवलंबून राहिले आहे. रिची यांची पहिली ओळ, विंडोजच्या आरंभीची साधी यादी, मेलकॅप आणि फ्रीडेस्कटॉपची फाइल यांत एक साम्य आहे: त्या कोणालाही उघडून पाहता येतात. जेथे नोंद झाकली गेली, तेथे एक तर फसवणुकीला वाव मिळाला, नाही तर कुलूप लावावे लागले. आणि कुलूप लागले की किल्ली कोणाकडे, हा वाद न्यायालयात गेला. क्रियापद अध्याहृत ठेवणे ही भाषेतील मोठी सोय आहे. पण ऐकणाऱ्याला ते कळत असेल तोपर्यंतच. संगणकाच्या बाबतीत ते कोण पुरवीत आहे हे वापरणाऱ्याला दिसत राहावे, एवढी मर्यादा या साठ वर्षांच्या अनुभवावरून निश्चितपणे सांगता येते.